तुकोजीरावांनी खोडलेले प्रश्न

तुकोजीराव ‘गुड मॉर्निंग’ला फक्त सोमवारी उत्तर द्यायचे. मंगळवारी म्हटलं तर चष्म्यावरून बघत म्हणायचे, “काल दिलं की! आठवडाभर चालतं ते.”

मी सांगलीहून बेंगळुरूला नोकरीला आले ती तोंडाचा पट्टा घेऊनच. आणि नशीब बघा, टेबल मिळालं ते या माणसाशेजारी! त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. मराठी बोलता बोलता ‘बरं’ला ‘सरी’, ‘जरा थांबा’ला ‘स्वल्प थांबा’ असं कन्नड सहज यायचं. पण एक गोष्ट दोनदा सांगायची म्हटली की यांच्या अंगावर काटा यायचा.

रिक्षाला हात केला की कन्नडमधून एका दमात सुरू. बनशंकरी, देवळामागं, मीटरनं, डावीकडचा रस्ता खोदलाय, सुट्टे आहेत. विचारायला काही उरायचंच नाही. एकदा तर एक रिक्षावाला घाबरून तसाच निघून गेला.

कंपनीनं दुसऱ्यांदा फॉर्म दिला, तेव्हा नाव, वडिलांचं नाव, रक्तगट, सगळ्या रकान्यांत यांनी लिहिलं, ‘पहिला फॉर्म बघा.’ झालं! महिनाभर गेटचा पास मिळेना. रोज सकाळी मी खाली जाऊन यांना आत आणायची. “अहो, भरून टाका की एकदाचा!” म्हटलं, तर म्हणतात, “एकदाचाच भरलाय.” कपाळ माझं!

पण हाच माणूस कामाला बसला की मी खुर्ची ओढून नुसती बघत बसायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मोबाईल अजून मोजक्या लोकांच्या हातात होता, आणि आमच्या लॅबमध्ये त्याच्या पुढच्या पिढीचं नेटवर्क घडत होतं. अडचण एकच होती. फोन नव्या नेटवर्कच्या हद्दीतून जुन्याच्या हद्दीत शिरला की चालू बोलणं तुटायचं. कारण जुनं नेटवर्क त्याची पहिल्यापासून उलटतपासणी घ्यायचं. तू कोण, तुला काय काय जमतं, तुझी गुप्त खूण कोणती? नव्याला हे सगळं आधीच ठाऊक असायचं. या विचारपुशीत सिग्नल विरून जायचा.

“ज्याला ठाऊक आहे त्यानं पुढच्याला सांगावं की! फोनला कशाला छळायचं?” तुकोजीराव म्हणायचे. हद्द ओलांडताना विचारला जाणारा प्रत्येक प्रश्न आणि त्याचं उत्तर त्यांनी कागदाच्या लांब पट्टीवर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. हातात लाल पेन्सिल. एका प्रश्नासमोर कधी कधी अख्खा दिवस उभे. खोडला, की तो पुन्हा घालायची वेळ कधीच आली नाही. देवाशप्पथ सांगते, असं डोकं मी पुन्हा पाहिलं नाही.

चाचणी आमच्या कॉरिडॉरमध्ये व्हायची. नवा फोन कपाटाएवढा, म्हणून तो ट्रॉलीवर. जमिनीवर पिवळी पट्टी होती. अलीकडे नवं नेटवर्क, पलीकडे जुनं. मी ट्रॉली ढकलायची, तुकोजीराव हेडफोन लावून शेजारून चालायचे. कॉलच्या दुसऱ्या टोकाला, घरच्या फोनवर, त्यांची थोरली बहीण असायची, अक्का.

मग परदेशी पाहुणे यायचं ठरलं. त्यांच्यासमोर कॉल तुटला तर काम दुसऱ्या शहरात जाणार आणि आमची लॅब बंद, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं. आवाज सगळ्यांना स्पीकरवर ऐकवायचा होता, म्हणून साहेबांना दुसऱ्या टोकाला इंग्रजी बोलणारी रिसेप्शनिस्ट हवी होती. तुकोजीराव म्हणाले, “अक्काच बोलेल.”

मी भडकलेच. “कसला हट्ट हा? सगळ्यांच्या नोकऱ्या पणाला लागल्यात इथं!”

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, “अक्काला अर्धांगाचा झटका आला होता. एक वाक्य बोलायला तिला मिनिट लागतं. इस्पितळात प्रत्येक खिडकीवर तिला नाव विचारलं. आठ खिडक्या. आठ वेळा सांगितलं तिनं. मग जी गप्प झाली ती वर्षभर. समोर माणूस असला की अजून लाजते. फोनवर माझ्याशी तेवढी बोलते. मध्ये कॉल तुटला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेवढं बळ नसतं ओ तिला. तिचा कॉल टिकला, तरच काम झालं म्हणायचं.”

दुपारी मीच साहेबांशी तावातावानं भांडले आणि अक्काचं नाव कायम केलं.

पाहुणे आले त्या दिवशी कॉरिडॉर भरला होता. स्पीकरवरून बारीक आवाज आला, “तुका... आज... सारात...”

मी ट्रॉली ढकलली. चाकं पिवळ्या पट्टीवरून पलीकडे गेली आणि आवाज थांबला. काहीच ऐकू येईना. एका पाहुण्यानं वही मिटली. साहेबांचा चेहरा उतरला, ते पुन्हा नंबर लावायला पुढे झाले.

“स्वल्प थांबा,” तुकोजीराव म्हणाले. “तुटलेला नाही. ती शब्द शोधतेय.”

आम्ही थांबलो.

“...मीठ... मीच... घातलं.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. तुकोजीरावांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचे डोळे भरून आले होते. माइकजवळ वाकून त्यांनी विचारलं, “अक्का, चव कशी झालीय?”

आणि साहेब, पाहुणे, मी, सगळे कॉरिडॉरमध्ये श्वास रोखून तिच्या उत्तराची वाट बघत उभे राहिलो.