बफेलोला पहिला नंबर नाही

सावंतकाका अमेरिकन फुटबॉल पायात बूट घालून बघतात. साधे बूट नव्हेत, कारखान्यातले, पुढे पोलादी टोपण असलेले, नाड्या आवळून बांधलेले. घरात, स्वतःच्या गालिच्यावर. आणि उभं राहून, टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतक्या जवळून. चेंडू कुणाकडे आहे असं विचारलंत तर ते चिडतात. चेंडू त्यांना बघायचाच नसतो. ते प्रेक्षक बघतात.

"काका, बूट कशाला?" मी एकदा विचारलं.

"सायरन वाजल्यावर नाड्या कोण बांधणार? तू?"

इथे आखातात, मेसईदला, आम्ही एकाच जिन्यावर राहतो. माझा दादा स्टीलच्या कारखान्यात आहे, मी रोज बसने दोह्याला नोकरीला जाते. काका खताच्या कारखान्यात सेफ्टीला. अमोनियाच्या टाक्यांशेजारी उभी हयात गेली. त्यांच्या गॅलरीत एक पांढरा रुमाल कायम टांगलेला असतो. माझी वहिनी लग्न होऊन नवीन आली तेव्हा वाळलाय म्हणून तिने तो काढला, छान घडी घातली आणि द्यायला गेली. काका रुमालापेक्षा पांढरे पडले.

"अगं, वारा कुठून येतोय ते आता कसं कळणार?"

वायू सुटला तर वाऱ्याला आडवं पळायचं असतं, हे त्या दिवशी वहिनीला कळलं. तेव्हापासून ती सकाळी चहा ठेवण्याआधी त्या रुमालाकडे बघते. मीही बघते. भीती अशी लागते, सर्दीसारखी.

"आधी बाहेर पडायची वाट, मग बूड टेकायचं." हे त्यांचं वाक्य. लग्नात, दातांच्या दवाखान्यात, हळदीकुंकवाला काकींना सोडायला आले तरी तेच. दुसरं वेड हजेरीचं. कारखान्यात सायरन झाला की सगळे ठरल्या जागी जमतात, काका नावं पुकारतात, आणि शेवटचा माणूस 'हजर' म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही. हे ठीक आहे. पण मराठी मंडळाची सहल उत्तरेला मदिनत अश शमालच्या किनाऱ्यावर गेली, तिथेही निघताना उन्हात उभं करून हजेरी! हातात कागद नाही, सगळं तोंडपाठ. पोरं हसत 'प्रेझेंट, सर' म्हणत होती. सगळ्यात शेवटी काकांनी पुकारलं, "अबोली?"

अबोली त्यांची मुलगी. ती अमेरिकेत असते. माझ्या शेजारी उभ्या काकी अगदी हळू म्हणाल्या, "हजर."

"यल्ला, चला," काका म्हणाले, आणि बस सुटली.

मला या भीतीचा राग येतो. घाबरलेला माणूस मालकांना फार सोयीचा असतो, असं मी कित्येक पत्रकांत लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. आमच्या बसचं मागचं दार, संकटात उघडायचं ते, गंजून बसलंय. मी अर्ज केला. सह्या जमवल्या. आयुष्यभर लोकांना दारं दाखवणाऱ्या माणसाची सही पहिली हवी की नको?

"सही नको गं, पुढारीणबाई," काका म्हणाले. "साठी जवळ आली. एका सहीवर परत पाठवतील."

"मग दार बंदच राहू दे?"

"मी बसतो ना तिथे."

आणि बसले. सुट्टीच्या दिवशी दोह्याला भाजी आणायला जातानाही ते त्या बंद दारापाशी बसतात, मांडीवर काच फोडायची हातोडी घेऊन. याला काय म्हणायचं? मी रागाने दोन थांबे बोलले नाही. तिसऱ्या थांब्याला त्यांनी विचारलं, "तुला पुढे हवी का जागा? पुढचं दार उघडतं."

तर, फुटबॉल. काकांनी अमेरिका पाहिलेली नाही. पण तिथल्या कुठल्या गावचे लोक आपल्या टीमसाठी सर्वांत वेडे, यावर त्यांच्याशी वाद घालू नका.

"पहिलं ग्रीन बे. एवढंसं गाव. उणे तापमानात उघड्या अंगाने बसतात, डोक्यावर चीजच्या आकाराच्या टोप्या. टीमचे शेअर गावकऱ्यांनी घेतलेत, त्यावर दमडी मिळत नाही. तरी घेतात!"

"ही लूट आहे, काका."

"ही भक्ती आहे. दुसरं पिट्सबर्ग. पिवळे पंचे फिरवतात. कुणाच्या डोळ्यात गेला तर? तिसरं फिलाडेल्फिया. जिंकले की दिव्याच्या खांबांवर चढतात. पालिका खांबांना ग्रीस फासते, तरी चढतात. हार्नेस नाही, हेल्मेट नाही! मग क्लीव्हलंड. कुत्र्याचे मुखवटे घालून भुंकतात, आणि टीम तर हरते."

"घरभाडं वाढल्यावर भुंकले असते तर उपयोग झाला असता."

"कॅन्सस सिटीला इतकं ओरडतात की कानात बोळे लागतील."

आमच्या बसमध्ये पुण्याचा एक आयटीवाला आहे. तो मध्ये तोंड घालून म्हणाला, "काका, बफेलो राहिलं की! ते तर एक नंबर. गाडीच्या टपावरून घडीच्या टेबलांवर उड्या मारतात. पेटत्या टेबलांवरसुद्धा!"

काकांचा चेहरा बदलला.

"बफेलो? छे. सज्जन गाव आहे."

"अहो, व्हिडिओ आहेत."

"ती टेबलं हलकी असतात," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर वाळू होती.

मला वाटलं, हट्ट. म्हाताऱ्यांना एखादं गाव आवडत नाही, तसं. पण त्यांना ते गाव आवडत नव्हतं असंही नाही. ते फक्त त्याला वर चढू देत नव्हते. पहिल्या पाचात नाही, दहातही नाही.

त्या रविवारी मी पुन्हा सही मागायला गेले. इथे रात्रीच्या जेवणाची वेळ, तिथे अमेरिकेत दुपार. काकी दारात म्हणाल्या, "ये गं. आज त्यांच्याशी भांडू नकोस."

टीव्हीवर पांढरं सोडून काही नव्हतं. बर्फ आडवं येत होतं. मधूनच पिवळसर काही हलायचं, ते खेळाडू असावेत. शेजारी दुसऱ्या खुर्चीवर लॅपटॉप उघडा, त्यावर बातम्या: बफेलोमध्ये वादळ, रस्ते बंद, स्टेडियममधलं बर्फ उपसायला लोकांनी फावडी घेऊन यावं असं आवाहन. आणि लोक आले होते. शेकड्यांनी.

"अबोली तिथेच राहते," काकी म्हणाल्या. "ऑफिसच्या लोकांबरोबर स्टेडियमवर गेलीय. परवा कळवलंन, मॅचला जातेय, बातम्या बघू नका. दुपारपासून मी फोन लावतेय, लागत नाही."

काका बफेलोला वर का चढू देत नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

अबोली इथेच इंग्रजी शाळेत शिकली. बापाने हाक मारली की इंग्रजीत उत्तर. जाताना विमानतळावर म्हणाली होती, "बाबा, एनफ. स्टॉप चेकिंग ऑन मी." तेव्हापासून तिने शुक्रवारी मेसेज करायचा आणि काकांनी मधे विचारायचं नाही, असा करार. काकांनी तो पाळला. विचारलं नाही. फक्त तिच्या गावात लोक जमले की टीव्हीसमोर बूट घालून उभे राहिले.

"ती खालच्या रांगेत बसणार नाही," काका काचेवर बोट टेकवून पुटपुटत होते. "कोपऱ्यातला जिना. तिथे बसेल. मी शिकवलंय." कॅमेरा गर्दीवरून फिरला. टोप्या, गॉगल, गोठलेल्या दाढ्या. कोपरा आला आणि गेला. "थांब ना रे मेल्या!" ते कॅमेऱ्यावर ओरडले. मग वळले, आणि इतकी वर्षं माझ्याशी शुद्ध बोलणारा तो माणूस मालवणीवर आला. "माझा चेडू खंय आसा गो?"

चेडू, म्हणजे लेक. मी सह्यांचा कागद पिशवीत सारला.

"काका, दुसऱ्या कुणाच्या फोनवरून काही आलंय का?"

"नाही. दुपारी एक आला होता, अमेरिकेचाच नंबर, अनोळखी. नुसता फोटो. असले उघडायचे नसतात, खातं रिकामं होतं. ब्लॉक केला."

काकींनी कपाळावर हात मारला. "अहो!"

"नियम आहे!" काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. आपण काय केलं ते त्यांना कळलं होतं. फोन त्यांनी माझ्या हातात दिला. स्वतः उघडायचा धीर नव्हता.

मी नंबर मोकळा केला. फोटो उघडला. लाल टोपी, लाल नाक, हातात फावडं घेतलेली अबोली. जिन्याला लागून कडेची खुर्ची. तिच्या डोक्यावर भिंतीत बाहेरची वाट दाखवणारी दिव्याची पाटी, आणि तिचं बोट त्या पाटीकडे.

फोटो सकाळचा होता, तिथली सकाळ. आत्ताचं काय?

काकांनी फोन घेतला. त्यांनी एकच शब्द टाइप केला, प्रश्नचिन्हासह: अबोली?

आम्ही तिघं उभे. टीव्हीवर कुणीतरी काहीतरी केलं आणि अख्खं स्टेडियम ओरडलं. कुणी बघितलं नाही. काकी माझा दंड धरून होत्या, नखं रुतत होती.

फोन वाजला. मराठीत, देवनागरीत, जिला कधी वेलांटी धड जमली नाही तिच्याकडून:

हजर.

मागोमाग इंग्रजीत, की तिचा फोन थंडीने बंद पडलाय, हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा आहे, त्यांनी कांबळं दिलंय, आणि प्लीज त्यांना ब्लॉक करू नका.

काकांनी तो पहिला शब्द काकींना दाखवला. मग मला. मग पुन्हा काकींना.

"ग्रीन बे दुसरं," ते म्हणाले.

मग गालिच्यावर खाली बसले, दार कुठे आहे ते न बघता, आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठी घट्ट बसल्या होत्या. काकींनी वाकून एक सोडली, मी दुसरी. मॅच अर्धी राहिली होती. टीव्ही त्यांनी बंद केला. कोण जिंकलं ते त्यांनी अजून विचारलेलं नाही.