बुधवारच्या सभेचं मंगळवारी लिहिलेलं इतिवृत्त

"सभा काय, आपोआप होते. लिहावं लागतं ते इतिवृत्त!" असं सेक्रेटरी नेहमी म्हणत, आणि म्हणताना छाती एवढी पुढे काढत की शर्टाचं दुसरं बटण जीव मुठीत धरून बसे.

त्यांना सगळे सेक्रेटरीच म्हणत. क्लबातले म्हणत, शेजारपाजारचे म्हणत, आणि रागावली की बायकोही म्हणे. गावातल्या सेवा क्लबचं सचिवपद गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं. क्लब तसा साधाच. तीस सभासद, दर बुधवारी संध्याकाळी साडेसहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये सभा. अध्यक्षांनी लाकडी हातोडीने पितळी घंटा वाजवायची. मग 'आनंदाची बातमी', म्हणजे ज्याच्या घरी आठवड्यात काही चांगलं घडलं असेल त्याने उभं राहून ते सांगायचं. मग कामाचे विषय, पाहुण्यांचं भाषण, आभार आणि चहा.

नोकरीत सेक्रेटरींनी बत्तीस वर्षं बस डेपोत वेळापत्रकं आखली होती. गाडी सुटायच्या आधीच तिची पोहोचायची वेळ लिहून भिंतीवर लावायची, हे त्यांचं काम. गाडी उशिरा आली तर चूक गाडीची. वेळापत्रक कधी चुकत नाही! हाच न्याय त्यांनी क्लबात आणला. सभा बुधवारी, इतिवृत्त मंगळवारी दुपारीच तयार! अकरा वर्षांत याची अडचण झाली नव्हती, कारण अकरा वर्षांत सभेत नवीन काही घडलंच नव्हतं. आनंदाची बातमी म्हणून दंतवैद्य दर वेळी कवळीचा तोच विनोद सांगत, आणि सभासद त्याच जागी हसत. सभेनंतर एखादा आकडा बदलला की झालं. गुरुवारी सकाळी दूध यायच्या आत इतिवृत्त प्रत्येकाच्या दारात!

"केवढा हा उरक!" लोक म्हणत. सेक्रेटरी विनयाने मान खाली घालत. हे गुपित फक्त बायकोला ठाऊक होतं.

या बुधवारची गोष्ट मात्र वेगळी होती. पुढच्या वर्षीचा अध्यक्ष निवडायचा होता, आणि चर्चेत नाव एकच होतं, सेक्रेटरींचं. अकरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या गळ्यातल्या हारांची नोंद केली होती. अकरा वर्षं ती पितळी घंटा हातभर अंतरावरून पाहिली होती. आता ती हातोडी त्यांच्या हातात येणार होती! पंधरा दिवस घरी सराव चालू होता. स्टीलचा पेला, त्यावर पळी. ठण्ण!

"अहो, कोणी आलंय का दारात?" स्वयंपाकघरातून बायको विचारी.

"कोणी नाही! सभा सुरू झाली!"

भरीस भर म्हणून चाळीस क्लबांवर देखरेख करणारे विभागप्रमुख त्याच दिवशी पाहुणे म्हणून येणार होते. सभासदांच्या घरच्यांनाही बोलावणं होतं. त्यामुळे मंगळवारी सेक्रेटरींनी इतिवृत्तात जीव ओतला. एका बाजूला मावेना, तेव्हा पाठीमागेही लिहिलं.

बुधवारी सकाळी फाइलीत दोन कागद होते. वर कार्यक्रमपत्रिका, खाली इतिवृत्त. दोन्ही क्लबच्याच छापील कागदावर. पत्रिकेच्या प्रती काढायच्या होत्या. पण सेक्रेटरी म्हणजे काटेकोर माणूस! 'चहापान' या शब्दापुढचा पूर्णविराम त्यांना फिका वाटला. त्यांनी पत्रिका बाहेर काढली, पूर्णविराम गडद केला, फुंकर मारून वाळवला आणि कागद पुन्हा फाइलीत सरकवला. खाली.

"बाजारात चाललीसच तर एवढ्या प्रती काढून आण," ते बायकोला म्हणाले. "वरचा कागद. पन्नास. आणि घरी येऊ नकोस परत, संध्याकाळी थेट हॉलवरच घेऊन ये."

बायकोने तंतोतंत तसंच केलं. एवढंच नव्हे, तर सेक्रेटरी खाली फाटकापाशी विभागप्रमुखांची वाट बघत उभे असताना तिने वर जाऊन प्रत्येक खुर्चीवर एकेक कागद ठेवला. नवऱ्याचा मोठा दिवस, तेवढीच मदत!

पाहुणे चार मिनिटं उशिरा आले. अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. बाईंचं चौकात चष्म्याचं दुकान होतं, आणि समोरच्याकडे त्या नेहमी नंबर तपासल्यासारख्या बघत. घंटेचा आवाज विरला तरी हॉलमध्ये कोणी वर बघेना. सगळे माना घालून वाचत होते. कार्यक्रमपत्रिका इतक्या तन्मयतेने वाचणारा सभासद सेक्रेटरींनी जन्मात पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या खुर्चीवरचा कागद उचलला.

'सभा ठीक साडेसहा वाजता उत्साहात सुरू झाली.'

सेक्रेटरींच्या पायाखालची फरशी बसच्या पायरीसारखी खचकन खाली गेली. त्यांनी झटकन कागद उलटून पाहिला. पाठीमागचंही छापलेलं होतं! आणि पाठीमागे होता अध्यक्षपदाचा विषय!

"मंडळी, मंडळी!" ते ओरडले. "कागद परत द्या! छपाई पुसट आली आहे!"

"छे हो," अध्यक्षबाई म्हणाल्या. "स्वच्छ आहे. शेवटच्या रांगेतसुद्धा वाचता येईल. पण हे आहे काय? इथे लिहिलंय, 'अध्यक्षांनी प्रास्ताविक केले.' मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"तो... तो नमुना आहे बाई. अंदाज!"

"अंदाज?" पहिल्या रांगेतून आवाज आला. "'मोठ्या बाईंनी सभेचा शांतपणे आस्वाद घेतला.' म्हणजे मी झोपले, असंच ना रे?"

मोठ्या बाई म्हणजे गावच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, क्लबच्या सर्वांत जुन्या सभासद. सेक्रेटरी सातवीत त्यांच्याच हाताखाली होते. दर बुधवारी त्या झोपत हे खरं, पण आज नेमक्या टक्क जाग्या होत्या!

"नाही बाई, तसं नाही..."

"बस खाली. पुढचं होऊ दे."

पुढे होती आनंदाची बातमी. दंतवैद्य उठून उभे राहिले. कागदावर लिहिलं होतं, 'दंतवैद्यांनी नेहमीचा विनोद सांगितला. हशा पिकला.' दंतवैद्यांनी घसा साफ केला.

"मित्रहो, माझी आई दीड महिना रुग्णालयात होती. आज ती स्वतःच्या पायांनी चालत घरी आली."

आणि हशा पिकला!

कोणाचा दोष म्हणावा? अर्ध्या लोकांची नजर कागदावर होती. 'हशा पिकला' वाचलं आणि सवयीने हसले. मग एकेकाच्या डोक्यात वाक्याचा अर्थ शिरला, आणि सगळी तोंडं एकदम मिटली. ती शांतता इतकी भयंकर होती की भिंतीवरच्या घड्याळालाही टिकटिक करायला संकोच वाटला असावा. दंतवैद्य पांढरेफटक पडून उभे होते.

"माझ्या आईला हसता?"

"नाही हो डॉक्टर! आम्ही कागदाला हसलो!"

"कागदावर माझी आई आहे?"

"कागदावर कवळी आहे!"

अध्यक्षबाईंनी तीनदा घंटा बडवली, दंतवैद्यांची माफी मागितली, सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, तेव्हा कुठे ते डोळे पुसत खाली बसले. सेक्रेटरींनी तेवढ्यात पहिल्या रांगेतले तीन कागद हळूच गोळा केले. चौथा मोठ्या बाईंच्या हातात होता. त्यांनी तो सोडला नाही. सेक्रेटरींच्या मनगटावर नुसती एक चापट मारली.

मग बाकाचा विषय. क्लबतर्फे गावात एक बाक बसवायचं होतं. एक! रुग्णालयासमोरच्या बसथांब्यावर की बागेच्या दारात, यावरून सात महिने भांडण चालू होतं. दोन सख्खे साडू त्यापायी एकमेकांशी बोलत नव्हते. आणि कागदावर? 'बाक रुग्णालयासमोरच्या थांब्यावर बसवावे, असे खेळीमेळीत एकमताने ठरले.'

"कधी ठरलं?" बागेच्या बाजूचा थोरला साडू ताडकन उठला. "मी पाणी प्यायला गेलो होतो काय?"

"हा तर सरळ कट आहे!" त्याच्या मागून कोणीतरी म्हणालं.

"अहो, त्या थांब्यावर आजारी माणसं चाळीस-चाळीस मिनिटं उभी असतात!" सेक्रेटरींच्या तोंडून निघून गेलं. "त्या मार्गाच्या वेळा मीच आखल्यात. दोन गाड्यांमध्ये चाळीस मिनिटं! मला माहीत नसणार तर कोणाला?"

"मग सात महिने का बोलला नाहीस?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मी सेक्रेटरी आहे, बाई. मी लिहितो."

थोरल्या साडूने कागदावरची बाकाची ओळ पुन्हा एकदा वाचली. "चाळीस मिनिटं म्हणता?" तो म्हणाला. "मग बसवा तिथे. पण खेळीमेळीत नाही! मी चिडलेलो आहे, तशी नोंद घ्या!"

विषय मंजूर झाला. सेक्रेटरींना क्षणभर वाटलं, निभावलं! आता पाहुण्यांचं भाषण लांबलं, वेळ संपली, तर कोणी पान उलटणार नाही. विभागप्रमुख बोलायला उभे राहिले. उंच, सडपातळ, चेहऱ्यावर सुरकुतीइतकंही हसू नाही. त्यांच्या हातातही कागद होता.

"इथे म्हटलंय, माझं भाषण अत्यंत प्रेरणादायी झालं," ते म्हणाले. "आभारी आहे. पाणी वाचवण्याबद्दल मी चार उदाहरणं दिली, असंही आहे. माझ्याकडे तीनच आहेत. चौथं सेक्रेटरींनी द्यावं."

अख्खा हॉल खो-खो हसला. सेक्रेटरी खुर्चीत इतके खाली सरकले की मागच्यांना त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं.

"आणि श्रोते भारावून गेले, असं लिहिलंय," विभागप्रमुख थंडपणे पुढे म्हणाले. "भारावलेल्या श्रोत्यांना आणखी छळणं बरं नव्हे. माझं भाषण झालं असं समजा. पुढचा विषय?"

ते खाली बसले. साडेतीन मिनिटं! सेक्रेटरींनी चाळीस धरली होती!

"पुढचा विषय पाठीमागे दिसतोय," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पान उलटलं.

हॉलभर पानं उलटल्याचा आवाज झाला. सेक्रेटरींना तो फाशीच्या खटक्यासारखा वाटला. मोठ्या बाईंनी शाळेत धडा वाचावा तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'अध्यक्षपदासाठी सचिवांचे नाव पुढे येताच टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिवांनी तीनदा नम्र नकार दिला. परंतु सभासदांच्या प्रेमापुढे त्यांचा नाइलाज झाला. सचिवांच्या पत्नीला हुंदका आवरला नाही. सचिवांचे डोळे पाणावले.'"

"मी?" मागच्या रांगेतून बायकोचा आवाज आला. "मी कधी रडले? अहो सेक्रेटरी! चारचौघांत मला रडवायच्या आधी विचारायचं तरी!"

"सातवीतही हा असाच होता," मोठ्या बाई विभागप्रमुखांकडे वळून म्हणाल्या. "प्रयोग करायच्या आधीच वहीत निष्कर्ष लिहायचा. एकदा पाणी उकळायच्या आधी चटका बसल्याचंही लिहिलं होतं!"

"बाई, पुरे!" सेक्रेटरी घामाघूम होऊन उभे राहिले. "मला नको ते अध्यक्षपद!"

"एक," मोठ्या बाई म्हणाल्या.

"एक काय? अहो, खरंच नको!"

"दोन."

"बाई, तुम्ही मोजू नका हो! मी म्हणतोय ना, नको म्हणून!"

"तीन." बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "तीन नकार झाले. लिहिल्याप्रमाणे. आता प्रेमाचं बघू. कोणाचा नाइलाज करायचा आहे?"

सेक्रेटरी कडकडाटाची वाट बघत राहिले. एखादी टाळी. निदान एखादा खोकला.

"तिसरा नकार आला की नाव मागे घेतलं असं धरायचं," विभागप्रमुख म्हणाले. "नियमच आहे."

"मी डॉक्टरांचं नाव सुचवतो," थोरला साडू म्हणाला. "आज आपण त्यांच्या आईला हसलो. काहीतरी भरपाई नको?"

"अनुमोदन!" धाकटा साडू ओरडला. सात महिन्यांत प्रथमच दोघांचं एकमत झालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अगदी लिहिला होता तसाच. फक्त दुसऱ्यासाठी!

"आणि सेक्रेटरी?" दंतवैद्यांनी हार गळ्यात पडत असताना विचारलं.

"त्यांना हलवायचं नाही!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "सात महिन्यांचं भांडण ज्यांनी एका ओळीत मिटवलं, त्यांना नुसती घंटा वाजवायला बसवायचं? सचिवपदी तेच, सलग बाराव्या वर्षी. हात वर करा!"

सगळे हात वर गेले. बायकोचाही गेला. ती तर सभासदही नव्हती!

चहाच्या वेळी सेक्रेटरी कोपऱ्यात पेन घेऊन बसले. काटेकोर माणूस, खोटं इतिवृत्त वाटणार थोडंच! 'ठीक साडेसहा' खोडलं, सहा चौतीस केलं. हशा खोडला. 'खेळीमेळीत' खोडून 'चिडून' लिहिलं. चौथं उदाहरण खोडलं. स्वतःचं नाव खोडलं, तिथे दंतवैद्यांचं घातलं. नकाराआधीचा 'नम्र' खोडला. हुंदका खोडला. अख्ख्या कागदावर हुंदक्यापुढचं एकच वाक्य असं उरलं, ज्यातला काना-मात्राही बदलायची गरज नव्हती.

बायको चहाचा कप घेऊन आली. तिने वाकून ते वाक्य वाचलं, मग नवऱ्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि पर्समधून रुमाल काढून त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," ती म्हणाली. "बत्तीस वर्षांत तुमची एक तरी गाडी वेळेवर आली!"