चार गावांत वाटलेली तब्येत

रविवार, सकाळी दहा. जागा : शेवगाव, आमच्या कॉलनीतल्या दत्तमंदिराचा सभामंडप. हजर : कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरमॅडम, गोरखअण्णा, सुमनकाकू, कॉलनीची सचिव म्हणून मी, इतर मंडळी आणि एक रहिवासी.

हा 'एक रहिवासी' म्हणजे सुमनकाकूंचे यजमान. कुठल्याही हजेरीत ते स्वतःचं नाव लिहू देत नाहीत. "डोकं मोजा की निमाताई, नाव कशाला हवं?" असं म्हणतात. त्यामुळे माझ्या इतिवृत्तांत वर्षानुवर्षं एक रहिवासी येतो, हरकत घेतो, चहा नाकारतो आणि जातो. त्यांचा मान ठेवून मी इथेही सगळ्यांची नावं बदलली आहेत. कॉलनी त्यांना मास्तर म्हणते, कारण ते पोस्टमास्तर होते.

मास्तरांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी असतात : पोस्टकार्ड आणि बंद पाकीट. मुलाची पुण्याहून नागपूरला बदली झाली, हे पोस्टकार्ड, कोणीही वाचावं. नळाला पाणी कधी येणार, तेही पोस्टकार्ड. तब्येत मात्र बंद पाकीट. "काय मास्तर, बरं आहे ना?" असं कोणी सहज विचारलं, तरी ते "तुमचं बरं आहे ना? मग झालं," म्हणून पुढे चालू लागतात. गोळ्यांची पाकिटं घरी आणल्याबरोबर फोडून गोळ्या सुपारीच्या डब्यात टाकतात. सुपारी ते खात नाहीत.

त्यांची खरी करामत वेगळीच आहे. सगळं पाकीट एकाच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी आपलं शरीर तालुक्यांमध्ये वाटून टाकलं आहे. दात पाथर्डीला. गुडघे नेवाशाला. साखर गेवराईला, म्हणजे जिल्ह्याबाहेर, कारण साखरेचा बोभाटा लवकर होतो. उरलेलं नगरला. प्रत्येक डॉक्टरला बाकीचे मास्तर धडधाकट आहेत असंच वाटतं. एसटीच्या वाहकांना त्यांच्या तब्येतीची जेवढी कल्पना असेल, तेवढी एकाही डॉक्टरला नव्हती.

तर रविवारच्या सभेचा विषय होता डिजिटल आरोग्य खातं. डॉक्टरमॅडम समजावून सांगत होत्या : प्रत्येकाला एक नंबर मिळेल, रिपोर्ट आणि औषधं त्याला जोडता येतील, कुठल्याही गावच्या डॉक्टरला ती दिसू शकतील, पण तुम्ही परवानगी दिलीत तरच.

मास्तर उठले. "मॅडम, पाकिटावर नाव माझं. ते शेवगावात फोडलं की नगरात, फोडलं ते फोडलंच. उद्या विमेवाला वाचेल, परवा सोयरीक जुळवणारा वाचेल."

"आवो मास्तर," गोरखअण्णा मागून म्हणाले, "तुमाला आता सोयरीक कुनाशी जुळवायचीय? काकू समूर बसल्यात!"

मंडप हसला. काकूही पदराआड हसल्या.

अण्णा पुढे गंभीर झाले. "माजा मेव्हना जामखेडला शेतात पडला. शुद्ध न्हाई. डॉक्टर म्हनतो, गोळ्या कंच्या चालू हायेत? कुनाला म्हाईत? लई हाल झालं. त्यापरीस ह्ये खातं असलेलं बरं."

"आणि बेशुद्ध माणसाची परवानगी कोण देणार?" मास्तरांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या, "त्यासाठी आपल्या विश्वासाचं एक माणूस आधीच नेमून ठेवता येतं."

मास्तरांनी एकदा काकूंकडे पाहिलं आणि खाली बसले. बाकीच्यांनी नंबर काढायला रांग लावली. एक रहिवासी चहा नाकारून घरी गेला.

पुढच्याच आठवडी बाजारात मास्तर मेथीची जुडी निवडता निवडता खाली बसले ते उठेचनात. मी दोन ओट्यांपलीकडे होते. गोरखअण्णांनी आपल्या टेम्पोत घातलं, वाटेत काकूंना घेतलं आणि आम्ही डॉक्टरमॅडमकडे पोचलो. रक्तदाब फार खाली गेला होता.

"काका, कुठल्या गोळ्या घेता?"

मास्तरांनी डोळे उघडले. "आधी हिला बाहेर पाठवा."

"मी बायको आहे तुमची!" काकू म्हणाल्या.

"म्हणूनच."

काकू डोळे पुसत बाहेर गेल्या. मीही निघाले, तर मास्तरांनी माझी बाही धरली. "तुम्ही थांबा. तुम्हाला नीट लिहून घेता येतं."

मग चारही गावं बाहेर आली. मी एकेक गोळी लिहून घेतली. सुपारीचा डबाही त्यांच्या पिशवीतच निघाला. मॅडमनी गोळ्या टेबलावर मांडल्या आणि कपाळाला हात लावला. नगरच्या डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी दिली होती. गेवराईच्या डॉक्टरांनाही दाब जास्त दिसला, त्यांनीही दिली. औषध एकच, कंपन्या दोन, रंगही दोन. मास्तर दोन्ही इमानेइतबारे घेत होते. गुडघ्याची गोळी तर त्यांनी घ्यायलाच नको होती, कारण नगरला त्यांना सांगितलेलं होतं, की मूत्रपिंडं थकत चालली आहेत.

"हे काकूंना माहीत नाही?" मी विचारलं.

"कळू द्यायचं नाही. ताई, ती माझ्या एकेका दुखण्याला एकेक वार धरते. दाब निघाला, सोमवार धरला. साखर निघाली, गुरुवार. गुडघ्यांसाठी शनिवार. निम्मा आठवडा ती उपाशी असते. तिच्या अंगात रक्त नाही, जिना चढताना दम लागतो. आता हे किडनीचं कळलं तर..." ते थांबले. "बाकीच्या जगानं वाचलं तरी चालेल हो एक वेळ. पण जगाला सांगून तिला एकटीलाच कसं वगळू? म्हणून कोणालाच सांगत नाही."

मॅडमनी सलाईनचा वेग पाहिला. मग मास्तरच म्हणाले, "तो नंबर काढा माझा. आणि विश्वासाचं माणूस म्हणून निमाताईंना घाला."

मी बाहेर आले. काकू बाकावर बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "किडनीचंच ना?"

मी वही मिटून पिशवीत घातली.

"अगं, आमटीत मीठ कमी घाल म्हणतात. पालक नको, टोमॅटो नको. माझ्या थोरल्या भावाला हेच पथ्य होतं. घरात स्वयंपाक मी करते ना? मी मंगळवार कधीच धरलाय. त्यांना सांगू नकोस हं. पोट जड आहे, एवढंच सांगते मी. त्यांना कळलं तर उगाच जिवाला लावून घेतील."

मी वहीत कामं लिहिते आणि झाली की खोडते. त्या दिवशी सगळी खोडली : मुलाला फोन, दुहेरी गोळी बंद, नेवाशाची बंद, नगरची तारीख. एक उरलं. काकूंचं रक्त तपासून घ्यायला हवं, त्याआधी उपास थांबायला हवेत आणि त्याआधी या दोघांनी एकमेकांशी बोलायला हवं. माझ्याकडे परवानगी दोघांचीही नाही.

मंगळवारी सकाळी ठरवून त्यांच्याकडे गेले. मास्तर टेबलाशी बसले होते. त्यांनी पोह्यांची बशी काकूंपुढे सरकवली. "घे की."

"मागाहून खाते. पोट जड आहे जरा."

मास्तरांनी उठून बशीवर ताटली झाकली आणि माश्या बसू नयेत म्हणून ती आत नेऊन ठेवली.

मी पाण्याची टाकी धुण्याबद्दल बोलले आणि घरी आले. वहीतलं ते एक काम अजून बाकी आहे.