जिजाबाईंचा रिपोर्ट

चंदन परातेच्या मोबाइलवर संध्याकाळी चार रिपोर्ट आले, आणि घरात माणसं होती तीन.

अंदमानला जायचं ठरलं होतं. बुटीबोरीच्या कापड कारखान्यातून चंदनने मोठ्या मुश्किलीने रजा मिळवली होती. त्याच्या बायकोने, कामिनीने, समुद्रासाठी नव्या चपला घेतल्या होत्या. आई गेल्यापासून वडील, म्हणजे नानाजी, दिवसभर भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून त्यांनाही सोबत न्यायचं होतं. तेव्हा करोनाची दुसरी लाट ओसरत होती आणि बेटावर उतरायचा नियम कडक होता. निघण्याच्या आदल्या दोन दिवसांतला निगेटिव्ह रिपोर्ट दाखवा, तिथे उतरल्यावर पुन्हा नाक पुढे करा. त्यासाठी सकाळी लॅबचा माणूस घरी येऊन स्वॅब घेऊन गेला होता.

"चंदन निगेटिव्ह, कामिनी निगेटिव्ह, बाबा निगेटिव्ह," चंदन खुशीत वाचत गेला आणि चौथ्यापाशी थांबला. "जिजाबाई नानाजी पराते. पॉझिटिव्ह."

"कोण?" कामिनीने विचारलं.

"आई."

जिजाबाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. करोना तेव्हा नागपुरातच काय, देशातही आला नव्हता.

नाव कसं आलं ते चंदनच्या लगेच लक्षात आलं. आईच्या शुगरची तपासणी याच लॅबकडून व्हायची. मोबाइलवरच्या लॅबच्या अ‍ॅपमध्ये तेव्हाचं कुटुंब तसंच साठवलेलं होतं आणि बुकिंग करताना त्याने 'सर्व सदस्य' दाबलं होतं. पण नाव आलं म्हणून नाकातला नमुना कुठून येणार? त्याने लॅबच्या माणसाला, पियूषला, फोन लावला.

"पियूषभाऊ, तुम्ही आमच्या इथं स्वॅब किती घेतले?"

"चार. काहून?"

"चौथा कोणाचा घेतला गा?"

"आज्जीचा. त्या आतल्या खोलीत खाटेवर बसून होत्या न, डोक्यावर पदर घेऊन. मी विचारलं, जिजाबाई तुम्हीच का? तर मान हलवली फक्त. बोलल्या काहीच नाही. तब्येत बरी नाही का त्यांची? हात एकदम बर्फासारखा लागला."

चंदनने फोन स्पीकरवर टाकला होता. नानाजी पुढे सरकले. "लुगडं कोणतं होतं?"

"माह्या चष्म्यावर वाफ धरली होती काका. पण हिरवं वाटलं."

नानाजींनी आतल्या खोलीकडे मान वळवली. "हिरवंच नेसवलं होतं तिले," ते म्हणाले. "जाताना."

सकाळी कोण कुठे होतं याची उजळणी झाली. चंदन आपला स्वॅब देऊन तिकिटांच्या झेरॉक्स काढायला गेला होता. नानाजी नाक चोळत ओट्यावर शिंकत बसले होते. कामिनीच्या डोळ्यांतून पाणी थांबेना, म्हणून ती न्हाणीत तोंड धूत होती. आतल्या खोलीत कोणीच नव्हतं. तिथे फक्त जिजाबाईंची खाट होती. तिघांनी दारातूनच खोलीत डोकावून पाहिलं. खाटेवरच्या चादरीला मधोमध कोणी बसून उठल्यासारखा खळगा पडला होता.

"मी सकाळीच चादर झटकली होती," कामिनी हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी करोनाच्या कंट्रोल रूममधून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या.

"जिजाबाईंना कसं वाटतंय आता?"

"त्या नाहीत," चंदन म्हणाला.

"नाहीत म्हणजे? पॉझिटिव्ह पेशंट घराबाहेर कशी गेली?"

"बाहेर नाही गेली मॅडम, वारली."

"अरेरे! कधी?"

"दोन वर्षं झाली."

बाईंच्या आवाजातला गोडवा संपला. "हे बघा, पेशंट लपवणं गुन्हा आहे. नमुना काल दिला आहे त्यांनी. आम्ही अँब्युलन्स पाठवतो आहोत. आणि तुम्ही सगळे संपर्कातले, त्यामुळे घराबाहेर पाऊल टाकायचं नाही."

"पण मॅडम, उद्या आमचं विमान आहे!"

"जिजाबाईंना घेऊन जाणार होता की काय?"

तासाभरात दारावर लाल कागद चिकटला. गल्लीतल्या लोकांनी खिडक्या लावून घेतल्या. समोरच्या सिंधूताई फटीतून विचारू लागल्या, "चंदन, जिजी परत आली म्हंते, खरं हाय का गा?"

चंदन विमान कंपनीला फोन लावत बसला. कामिनीने कपाटातून सासूच्या मृत्यूचा दाखला शोधून काढला. नानाजी मात्र आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसले होते. तेवढ्यात खोकला ऐकू आला. कोरडा आणि खोल, आतल्या खोलीतूनच आल्यासारखा.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. खोकणारं त्यांच्यापैकी कोणी नव्हतं.

"तिले असाच खोकला होता," नानाजी म्हणाले. त्यांच्या आवाजात भीती होती, पण नुसती भीती नव्हती.

पुन्हा खोकला आला. त्याच वेळी बाहेर अँब्युलन्स येऊन थांबली. चंदन दाखला घेऊन पुढच्या दारात गेला. पांढऱ्या किटमधला माणूस म्हणाला, "दाखल्याचं मले नका सांगू, मले पेशंट न्याची हाय." चंदन म्हणाला, "स्मशानातून आणू का?" तिकडे त्यांची जुंपली आणि इकडे कामिनीने मनाचा हिय्या केला. हातात लाटणं घेऊन ती आतल्या खोलीत शिरली. खोली रिकामी होती. खोकला मागच्या खिडकीतून येत होता. तिने मागचं दार उघडलं आणि अंगणापलीकडे गेली.

पलीकडे कांताबाई एकट्या राहायच्या, जिजाबाईंच्या जुन्या मैत्रीण. त्या आपल्या घरात जमिनीवर अंग टाकून पडल्या होत्या. अंगावर हिरवं लुगडं होतं, ओठ काळेनिळे पडले होते आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

कामिनीने तिथूनच आरोळी ठोकली, "अहो, पेशंट सापडली!"

त्याच अँब्युलन्समधून कांताबाईंना दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. पराते मंडळींचं अंदमान बुडालं. पण विमान गेल्याचं कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. दवाखान्यातून बातमी काय येते इकडेच सगळ्यांचं लक्ष होतं.

कांताबाई बऱ्या होऊन घरी आल्या तेव्हा कामिनी त्यांच्यासाठी गरम मुगाची खिचडी घेऊन गेली. मागोमाग नानाजी आणि चंदनही गेले.

"काकू, तुम्ही आमच्या खोलीत कायले आल्या होत्या?" चंदनने विचारलं.

"अरे, हुडहुडी भरून राहिली होती. म्हटलं, कामिनीले काढा मागावा. मागचं दार उघडं होतं. चक्कर आली म्हणून खाटीवर टेकली."

"पण आईच्या नावावर स्वॅब काहून दिला?"

"मी कुठं देत होती? त्यानं जिजीचं नाव घेतलं तशी मी उठूनच जात होती, बापा. तर कामिनी मांगून बोलली, 'अवं कांते, बस न चुपचाप! माह्या जागी देऊन टाक.' म्हणून मान हलवली न दिला."

कामिनीचा हात खिचडीच्या डब्यावरच थांबला. "मी न्हाणीत होती काकू. आणि मी तुम्हाले 'अवं कांते' म्हणीन का?"

कांताबाईंनी घास खाली ठेवला.

नानाजी पुढे वाकले. "कांताबाई, आवाज कसा होता?"

"कसा म्हणजे? खेकसल्यासारखा. मी तर दचकलीच, भाऊजी."

"मग तीच," नानाजी म्हणाले. त्यांनी एकदा अंगणापलीकडच्या आपल्या मागच्या दाराकडे पाहिलं आणि जिजाबाईंचा धाक गेल्यापासून दोन वर्षं बिनधास्त चघळत असलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी खिशातून काढून गुपचूप खिडकीबाहेर टाकून दिली.