बिननावाच्या ईमेलाने दूध नासले, त्याची हकीकत

॥ श्री ॥ नाव न घेता केलेला नमस्कारही ज्यास पोहोचतो, त्या देवास प्रथम वंदन. माणसांत तसे घडत नाही, हे आम्ही शरमेने लिहितो.

शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख शुद्ध दशमीचे दिवशी दुधाच्या दौलतीत, म्हणजे आमच्या सहकारी संघात, सूर्योदयासच दूध थंड करावयाचे यंत्र बंद पडले. तीन गावांतील बायाबापड्यांचे दूध टाकीत भरलेले, आणि ऊन ऐसे की दुपारपर्यंत ते टिकणे कठीण. मग श्रीमंत चेअरमनसाहेबांनी चिटणिसास, म्हणजे आम्हांस, आज्ञा केली की यंत्राच्या कंपनीस तातडीने ईमेल लिहावा. आणि आम्ही खुर्चीवर विराजमान होऊन मायन्यापाशीच अडलो, कारण तिकडे दुरुस्तीचा अधिकारी कोण, हे ठाऊक नव्हते. मग 'महोदय' लिहिले आणि खोडले, आणि 'आदरणीय साहेब' लिहिले आणि तेही खोडले, ऐसा अर्धा प्रहर गेला. तेव्हा यंत्रावरचे तात्याबा शेळके दारातून वदले, "आवो चिटणीस, फोन लावा आन् नाव इचारा की! त्यात काय जातंय?" आम्ही म्हटले, "नाव ठाऊक नाही हे त्यांस कळले, तर संघाची अब्रू काय राहील?" आणि 'मा. संबंधित अधिकारी' ऐसा भारदस्त मायना घालून ईमेल रवाना केला आणि चहा मागविला.

तिकडे कंपनीच्या कचेरीत, मागाहून कळले त्याप्रमाणे, सात जणांनी तो उघडला, आणि प्रत्येकास वाटले की संबंधित तो दुसरा कोणी, आणि सातही जण स्वस्थ बसले. इकडे दूध नासले. मग ते बायांच्या देखत गटारात सोडावे लागले, आणि एक म्हातारी रिकामी किटली धरून इतकेच बोलली, "पहाटं उठून काढलं हुतं, साहेब." आम्हांस तिजकडे पाहवले नाही.

मग तात्याबांनी आम्हांस न विचारता फोन केला, आणि दोन तासांत रुबीना मुलाणी नामे इंजिनिअर बाई जातीने दाखल झाल्या, आणि संध्याकाळचे दूध वाचले. त्यांस पाहताच आम्ही ओळखले. गेल्या मार्गशीर्षात दोन दिवस त्या याच यंत्राशी खपल्या होत्या, आमच्याच टेबलाशी जेवल्या होत्या, आणि आम्ही 'मॅडम, मॅडम' करीत राहिलो, नाव काही विचारले नाही. त्या हात पुसत आम्हांस म्हणाल्या, "फाळकेकाका, सूनबाई बऱ्या आहेत ना आता? तेव्हा ॲडमिट होत्या." मग हळूच म्हणाल्या, "ईमेलवर माझं नाव घातलं असतंत, तर सकाळीच कुणीतरी मला कळवलं असतं." आम्ही मान खाली घातली. लाज वाटली, फार वाटली.

येणेप्रमाणे घडले ते लिहिले. श्रीमंतांस दिलेल्या अहवालात दोष कंपनीचा म्हणून नमूद आहे, तो खोटा. दूध आम्ही नासविले.