धुऱ्यांचा राजाराम

"मुंबईत मला कोणी नाही असं कोण म्हणतो? हे बघ, रांगेने आहेत," असं म्हणून जयवंत धुरी टेलिफोनची जाडजूड डिरेक्टरी थोपटायचा. आता डिरेक्टरीतले लोक कधी कुणाच्या घरी फराळाला येतात का? पण ही गोष्ट शहाऐंशी सालची, आणि गोरेगावच्या त्या खोलीत तो अकरा वर्षं एकटा होता. आईवडील गेलेले. वडलांनी गावच्या भावांशी कायमचं भांडून ठेवलेलं. दिवाळीत त्याचं दार वाजवायचा तो फक्त पोस्टमन.

म्हणून त्याने एक वही केली होती. जिथे धुरी दिसेल तिथून तो उतरवून घ्यायचा. घाटकोपरला धुरी लाँड्री, मुलुंडला दातांचे डॉक्टर धुरी. कथा-कादंबऱ्यांत मात्र धुरी म्हणजे हवालदार, नाहीतर चहा आणणारा शिपाई. एका रहस्यकथेत तर बिचारा पहिल्याच प्रकरणात मेला. जयवंतने सुतक धरलं आणि दहा दिवस मासळीला हात लावला नाही.

ही पुस्तकं त्याला मिळायची कांदिवलीच्या वाचनालयात. तिथे पुस्तकं देणारी सुगंधा, तीही धुरीच. धुरी आलेल्या पानात ती कागदाची पट्टी घालून ठेवायची.

"आज डॉक्टर सापडलाय," ती एकदा म्हणाली.

"मरतो का?"

"नाही हो. शेवटी लग्न करतो." आणि तारखेचा शिक्का तिने एकाच जागी दोनदा मारला.

जयवंत त्या दिवशी कांदिवलीहून गोरेगावला चालत आला, आणि आपण चालत आलो हे त्याला घरी पोचल्यावर कळलं.

एका भावकीत लग्न होत नाही, हे कोकणातलं शेंबडं पोरही सांगेल. पण याचं गाव कुडाळकडचं, तिचं वेंगुर्ल्याकडचं. गाव वेगळं, देव वेगळा, भावकी वेगळी. वाट मोकळी होती. गप्प बसला असता तर!

पण तिच्या वडलांवर छाप पाडायची म्हणून याने भरवलं धुऱ्यांचं संमेलन. शाळेचा हॉल घेतला, भिंतभर वंशावळ रंगवली. दोन्ही गावांच्या फांद्या झकास जमल्या. मधे, दोन्हींना जोडणारी, तेवढी एक जागा रिकामी राहिली आणि ती त्याला बघवेना. आदल्या दिवशी त्याने तिथे ठोकून दिलं : राजाराम. कुडाळच्या मूळपुरुषाचा थोरला भाऊ. रागावून कुडाळ सोडलं, वेंगुर्ल्याला घर केलं.

संमेलनात त्याने राजारामाचं जाणं असं काही रंगवलं की चाळीस धुरी रडले. लाँड्रीवाल्यांनी दातांच्या डॉक्टरांना मिठी मारली. सुगंधा तेवढी रडली नाही. ती भिंतीवरच्या वंशावळीकडे बघत राहिली.

तिचे वडील काशीराम डोळे पुसत पुढे आले. "झिला, मी आज सुगंधाच्या लग्नाचां इचारूक इलंय. गाव येगळो, देव येगळो, म्हटलंय, लगीन जमात. पण आपली भावकी एकच निघाली. बरां केलंस, येळेवर सांगितलंस."

जयवंतची पुरती वाट लागली. राजाराम खोटा आहे, एवढंच बोलायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात लाँड्रीवाल्यांच्या रुक्मिणीकाकीने त्याचा हात धरला. "एकटा राहतोस ना रे? यंदा दिवाळीला आमच्याकडे यायचं." अकरा वर्षांत हे त्याला कुणी म्हणालं नव्हतं. तो "येतो" म्हणाला, आणि जे बोलायचं ते तोंडातच राहिलं.

भाऊबीजेला तो काशीरामांकडे पाटावर बसला. सुगंधा ताम्हन घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "राजारामासाठी मी वाचनालयातली सगळी कपाटं धुंडाळली. कुठेच नाही. तुम्हाला कुठे मिळाला?"

"गोरेगावला," जयवंत म्हणाला. "शनिवारी दुपारी. जागा रिकामी होती."

तिचा हात थांबला. "मला आधी विचारायचं होतंत. मी ती रिकामीच ठेवायला सांगितली असती."

"नीट ओवाळ गो," आतून काशीराम म्हणाले, "भाऊस गावलो हा तुका."

तिने नीट ओवाळलं.

त्या दिवशी अंधेरी ते मुलुंड मिळून जयवंतला अकरा जणींनी ओवाळलं. त्यातल्या दहा बहिणी त्याला मनापासून हव्या होत्या.