तोंड मिटून पळायचं

"पळताना तोंड उघडायचं नाही. जग इकडचं तिकडं झालं तरी नाही. नाकानं श्वास घ्यायचा, नाकानं सोडायचा. तोंड उघडलं की दम गेला, आणि दम गेला की शर्यत गेली. समजलं?"

"व्हय मास्तर," पाच पोरं एकदम म्हणाली आणि लगेच तोंडं मिटून उभी राहिली.

कुंडलिक मास्तर भोरच्या शाळेत कवायत शिकवायला नवे आले होते. संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. भोरमध्ये एस.टी. धावत होती, कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या होत्या. पण शाळेची पोरं नुसतीच पळतात ही गोष्ट भोरनं अजून पाहिली नव्हती. मास्तरांनी ती पुण्यात पाहिली होती. तिथं लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी शाळाशाळांचे संघ असतात हे कळल्यापासून त्यांना झोप नव्हती. हेडमास्तर रायरीकरांच्या मागे लागून त्यांनी कशीबशी परवानगी काढली आणि पाच पोरं निवडली. त्यांत उत्रोलीचा सोनबा होता आणि हिर्डोशीकडच्या धनगरवाड्यावरून शिकायला आलेला भिमा होता. भिमाला पळायला शिकवावं लागलं नाही. शेरडं हाकताना तो ते शिकूनच आला होता. त्याला थांबायला तेवढं शिकवावं लागलं.

पहिल्या दिवशीचा बेत साधा होता. शाळेपासून उत्रोलीच्या वडापर्यंत जायचं, वडाला वळसा घालायचा आणि माघारी यायचं. मास्तर घड्याळ घेऊन मैदानात थांबले.

भात कापून झालं होतं. उत्रोलीची माणसं खळ्यांवर झोडणीला लागली होती. सोनबाची चुलती भामाबाई पाखडता पाखडता सहज रस्त्याकडे बघते तो सोनबा पळत येतोय. चेहरा लालबुंद, तोंड घट्ट मिटलेलं.

"सोन्या! आरं काय झालं?"

सोनबानं तिच्याकडे बघितलं, मान खाली घातली आणि तसाच पुढं गेला. त्याच्या मागून भिमा गेला, भिमाच्या मागून आणखी तिघे. एकाच्याही तोंडातून शब्द नाही. भामाबाईच्या हातातलं सूप गळून पडलं.

आता यात तिचं काय चुकलं? त्या मुलखात रिकामपणी कोणी पळत नसे. माणूस पळाला म्हणजे आग लागली, जनावर सुटलं, नाहीतर कोणी गेलं. आगीचा माणूस ओरडत पळतो, जनावराचा शिव्या देत. मयताचा सांगावा नेणारा मात्र वाटेत कोणाशी बोलत नाही, पाणीसुद्धा पीत नाही. ज्याच्या दारी जायचं तिथंच तोंड उघडतो. इथं तर एक सोडून पाच गप्प पोरं! खळ्यावरची झोडणी थांबली. गावात कळतं माणूस म्हणजे हैबती आबा. ते काठी टेकत पुढं आले. तोवर पोरं वडाला वळसा घालून परत निघालीही होती.

"आबा, ही तर कुनाच्याच दारी ग्येली न्हाईत!"

"जात्याल कशी?" हैबती आबा म्हणाले. "मयत भोरात झालंया. पोरं मान्सं गोळा कराया आल्याली. आन् पोरं साळंची, तवा ग्येलं ते साळंचंच कुनीतरी."

"आगं बया! बाजारात म्हनत व्हते, हेडमास्तर तापानं फणफणलाय म्हून!"

एवढं पुरे झालं. उत्रोली निघाली. झोडणी टाकून, पदर खोचून, धोतरं सावरून माणसं पोरांच्या मागे लागली. भोरात शिरल्यावर पोरं मैदानाकडे वळली आणि माणसं हेडमास्तरांच्या घराकडे.

रायरीकर हेडमास्तर तीन दिवसांच्या तापातून नुकतेच उठून, कानटोपी घालून, ओसरीवर काढा पीत बसले होते. अंगणात एवढी माणसं आणि पुढं एक बाई ऊर बडवतेय हे बघून त्यांनी काढा खाली ठेवला. 

"कोण गेलं हो?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"हेडमास्तर ग्येलं वो!" भामाबाईनं हंबरडा फोडला. "लई गुनाचं मानूस! पोरांस्नी मारायचं, पर जीव लावून मारायचं!"

मग तिनं डोळे पुसले. मग नीट बघितलं.  तेवढ्यात बातमी ऐकून कुंडलिक मास्तर पाचही पोरांना घेऊन धापा टाकत आले आणि हेडमास्तरांना जिवंत पाहून फाटकातच उभे राहिले.

सगळा उलगडा व्हायला वेळ लागला, कारण पोरं अजून तोंड उघडायला तयार नव्हती. मास्तरांनी "विश्राम" म्हटलं तेव्हा कुठं सोनबा बोलला.

"मास्तर," हेडमास्तर थरथरत म्हणाले. ताप उतरला होता तरी थरथरत होते. "एकदा झालं. पुन्हा माझ्या नावानं कोणी रडत आलं, तर तुमचा संघ बंद. कायमचा. पुण्याहून आणलेली ती शिट्टीसुद्धा कपाटात जाईल."

रात्री जेवताना मात्र त्यांनी बायकोला विचारलं, "ती पुढं होती ती बाई कोण गं? मनापासून रडली."

दुसऱ्या दिवशी कुंडलिक मास्तर उत्रोलीला पारावर गेले. महिन्याभरात सासवडचा संघ भोरला शर्यतीला येणार होता. त्याआधीच संघ बंद पडला असता तर मास्तरांना पुण्याला तोंड दाखवायची सोय राहिली नसती. हैबती आबांनी त्यांना गूळपाणी दिलं आणि चौकशी मांडली.

"पोरांच्या पाठी कोन लागलं व्हतं?"

"कोणी नाही, आबा."

"मग पळत्यात कुठं?"

"तुमच्या वडापर्यंत."

"वडापाशी काय हाय?"

"काही नाही. वडाला वळसा घालून परत भोरला यायचं."

आबांनी वडाकडे बघितलं. "म्हंजी जितनं निघाली तितंच परत जायाचं. मग निघायचं कशापायी?"

मास्तरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. हा प्रश्न त्यांना पुण्यातही कोणी विचारला नव्हता. "छाती भरते," ते शेवटी म्हणाले.

"असंल, असंल," आबा म्हणाले. पाहुण्याला फार अडचणीत आणू नये हे त्यांना कळत होतं. त्यांनी तिथल्या तिथं गावाला सांगितलं, "आपली पोरं पळाली तर कुनी उठायचं न्हाई. कुनी म्येलं न्हाई. ती वडाला भेटाया येत्यात."

मग उत्रोलीला नवाच छंद लागला. पोरांची वेळ झाली की माणसं बांधावर येऊन बसत. दोन आठवड्यांत त्यांना त्यातलं कळायलाही लागलं. सोनबा चढाला दम राखतो, भिमाचा पाय जमिनीला टेकतो की नाही कळत नाही, यावर खळ्यावर वाद होऊ लागले. पळतात कशासाठी हे मात्र कोणालाच उमगेना, आणि म्हणून बघायला आणखीच मजा येई.

शर्यतीचा दिवस उजाडला. सासवडच्या पोरांच्या पायांत कॅनव्हासचे बूट होते, अंगात एकसारखे निळे गंजिफ्रॉक. भोरच्या पोरांच्या पायांत जे देवानं दिलं होतं तेच होतं. शाळेच्या फाटकात फीत बांधलेली, खुर्चीवर हेडमास्तर, शेजारी सासवडचे मास्तर. वडापर्यंत खरंच गेल्याची खूण म्हणून प्रत्येकानं वडाचं एक पान आणायचं ठरलं. शिट्टी वाजली आणि निळे गंजिफ्रॉक पुढं निघाले.

उत्रोली बांधावर बसलेलीच होती. पाहते तो पाच अनोळखी पोरं जिवाच्या आकांतानं पळताहेत आणि त्यांच्या मागे आपली पाच पोरं!

"आबा, ही कोन?"

हैबती आबा उठून उभे राहिले. "आपली पोरं पळाली तर उठायचं न्हाई, आसं ठरलंय. ही आपली न्हाईत. चोर हायती. धरा!"

एकानं बैलगाडी आडवी घातली. सासवडचा पुढचा पोरगा जुवावर आदळता आदळता वाचला आणि मागचे चौघे त्याच्यावर आदळले. ते काही सांगू लागले, पण दम लागल्यामुळे त्यांच्या तोंडून निघेना, आणि निघालं असतं तरी चोराचं कोण ऐकतं! पागोटी सोडून पाचही जणांना गाडीच्या चाकाशी बांधण्यात आलं.

तेवढ्यात सोनबा आणि भिमा येऊन पोचले.

"सोन्या, काय चोरलं रं ह्यांनी?" भामाबाईनं विचारलं.

सोनबानं तोंड मिटून जोरजोरात मान हलवली.

"लईच चोरलं म्हनायचं!" भामाबाई म्हणाली.

भिमा थांबला नव्हता. तो वडाचं पान तोडून परत फिरला होता. भोरपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा पडला होता. आता नुसतं चालत गेलं तरी शर्यत आपलीच, हे सोनबालाही दिसत होतं. चाकाशी बांधलेला सासवडचा सर्वांत लहान पोरगा रडायच्या बेतात होता. सोनबानं एकदा भोरच्या रस्त्याकडे बघितलं, एकदा त्या पोराकडे, आणि पळताना महिनाभर मिटलेलं तोंड उघडलं.

"काकी, सोडा त्यास्नी! चोर न्हाईत! पाव्हनं हायती, आपल्याकडं पळाया आल्यात!"

त्यासरशी सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पाहुण्यांना बांधलं! भामाबाईनं स्वतःच्या तोंडात मारून घेतलं. गाठी सुटल्या, घोंगडी अंथरली गेली, भाकरी, पिठलं आणि दुधाची कासंडी आली.

"पण आमची शर्यत चालू आहे!" सासवडचा पोरगा कळवळून म्हणाला.

"शर्यत कुटं पळून चाललीया?" हैबती आबा म्हणाले. "खावा आदी. वेशीतनं पाव्हना उपाशी ग्येला तर आमाला कोन पोरगी देनार न्हाई."

सोनबा हळूच सटकायला बघत होता. भामाबाईनं त्याचा दंड धरला. "पाव्हनं जेवत्यात आन् तू चाललास? बस त्यांच्यासंगं!" तिनं भिमालाही हाक मारून माघारी आणवला. मागून आलेले तिघे धरून दहा पोरं पंक्तीला बसली. लोणचं वाढायला काही नव्हतं म्हणून वडाची पानं तोडून आणली आणि ज्याच्या त्याच्या पानावर वाढलं.

इकडे फाटकात फीत वाऱ्यानं हलत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लोक टाचा उंचावून बघत होते. दोन्ही मास्तरांनी आपापली घड्याळं कानाला लावून पाहिली.

"कुंडलिक मास्तर," हेडमास्तरांनी विचारलं, "ही शर्यत परत यायचीही आहे ना? की नुसती जायची?"

मास्तरांना राहवेना. कोट, टोपी, चामडी बूट होते तसेच ते उत्रोलीच्या दिशेनं पळत सुटले. पोरांना शिकवत असले तरी एवढं लांब ते स्वतः कधी पळाले नव्हते. तोंड तेवढं त्यांनी नियमाप्रमाणे मिटून ठेवलं.

पंक्तीत दूध वाढणाऱ्या भामाबाईनं त्यांना लांबूनच पाहिलं आणि कासंडी खाली ठेवली. मास्तर आले, बैलगाडीच्या चाकाला धरून उभे राहिले. बोलायला दम नव्हता. त्यांनी नुसता भोरकडे हात केला.

"आबा," भामाबाई म्हणाली, "मास्तर सोता पळत आला. ह्या टायमाला खरंच ग्येलं."

मास्तर दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होते. पण गावानं काय समजायचं ते समजून घेतलं होतं. पंक्ती उठली. पोटभर पिठलं आणि दूध घेतलेली दहा पोरं पोटं धरून निघाली आणि त्यांच्या पुढं, पदर खोचून, रिकाम्या पोटी, भामाबाई.

शर्यतीचा निकाल असा लागला. पहिली भामाबाई. फीत गळ्यात अडकवून ती हेडमास्तरांच्या खुर्चीपर्यंत रडत आली. दुसरा भिमा. तिसरा, कसं कोण जाणे, गेनबा नावाचा उत्रोलीचा गाडीवान. मग गाव आणि सासवड मिसळून. सोनबा सगळ्यांत शेवटी आला, कारण तो त्या लहान पोराला पाठीवर घेऊन येत होता. सासवडच्या मास्तरांच्या हातात एकामागून एक लोणचं लागलेली वडाची पानं पडली. त्यांनी एक चाटून बघितलं आणि ते खुर्चीतच हसत सुटले. शर्यत पुन्हा कधीतरी घेऊ, म्हणाले, पण जेवायच्या आधी.

हसले नाहीत ते फक्त हेडमास्तर. भामाबाई त्यांच्यापुढं उभी होती.

"जिताच हायसा व्हय?" ती म्हणाली.

"बाई, तुम्ही परत आलात?"

"मग? मानूस ग्येलं म्हनल्यावर घरी बसवतंय व्हय?"

 हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि कुंडलिक मास्तरांना खुणेनं कचेरीत बोलावलं. मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. संघ बंद, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. बाहेर पाच पोरं खिडकीखाली कान देऊन उभी होती, सवयीनं तोंडं मिटून.

"मास्तर," हेडमास्तर खिडकीकडे बघत म्हणाले, "माझी बदली व्हावी म्हणून पालकांनी दोनदा अर्ज केला होता, ठाऊक आहे तुम्हाला?"

"ऐकलं होतं साहेब."

"तो तिसरा आला ना, गेनबा. त्याच्या पोराला मी दोन वर्षं एकाच वर्गात ठेवलंय. आणि तो धापा टाकत आला हो." "मला वाटायचं, मी गेलो तर पोरांना सुट्टी मिळेल, बाकी कोणाला काय."

 हेडमास्तरांनी शिट्टी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि त्यांच्या हातात परत दिली.

"संघ राहू द्या. फक्त रस्ता बदला. पुढच्या खेपेला हिर्डोशीकडं न्या."

"हिर्डोशी? साहेब, ती तर पार घाटाच्या तोंडाशी! तेवढ्या लांबून परत कोण येणार?"

"तेच," रायरीकर हेडमास्तर म्हणाले, "तेच मला बघायचंय."